तिळातिळाने वाढणारा दिवस

वर्षातील सर्वांत लहान दिवस कोणता, असे घरातील शाळकरी मुलास विचारले, तर तो भूगोलाच्या पुस्तकातील उत्तर तत्काळ देतो : २२ डिसेंबर. सूर्य उत्तरेकडे केव्हा वळतो, असे त्याच्या आजीस विचारले, तर तीही तितक्याच खात्रीने सांगते : संक्रांतीला. दोन्ही उत्तरे एकाच घटनेविषयीची आहेत आणि त्यांत तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर आहे. एकाच घरात ही दोन उत्तरे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदतात. मात्र नातू आजीला विचारीत नाही आणि आजी नातवाला सांगत नाही. महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांत त्यात आणखी एका अंतराची भर पडते. मुलाचे उत्तर बहुधा हिंदीत असते, आजीचे मराठीत. या दोन उत्तरांस एका अंगणात कसे आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही ज्या खैरलांजीहून हे लिहीत आहोत, ते मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. भंडारा जिल्ह्यातही याच नावाचे एक गाव आहे. हे ते नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. बावनथडी ओलांडली की पलीकडे भंडारा जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नदी होती तेथेच राहिली, नातीगोती राहिली, सणही राहिले. शाळेची भाषा तेवढी दोन काठांवर दोन झाली.

अंगणातील काठी

डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे धानाची कापणी आटोपलेली असते. कोठे खळ्यावर पुंजणे रचलेले असतात, कोठे मळणी चालू असते. रिकाम्या बांध्यांत लाखोळी हिरवी झालेली असते. संध्याकाळी पाच वाजले की शेकोट्या पेटू लागतात आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतोही. २२ डिसेंबरला (काही वर्षी २१ डिसेंबरला) येथील दिवस पावणेअकरा तासांच्या थोडा वर भरतो. त्या दिवशी ना कोणी अंगण सारवते, ना कोणी गोडाचे करते. वर्षातील सर्वांत मोठी रात्र आपल्या घरांतून निमूटपणे निघून जाते.

या दिवशी करावयाचा एक साधा प्रयोग आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने उभी करावी आणि पावणेबारापासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. जी सावली सर्वांत आखूड, ती मध्यान्हाची. आमच्याकडे ती बारा वाजून आठ-दहा मिनिटांनी पडते, कारण आमचे गाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस आहे. ही सावली मोजली असता मुलांस नवल वाटते : ती काठीइतकीच, म्हणजे एक मीटर भरते. खैरलांजीचे अक्षांश साडेएकवीस अंशांहून थोडे अधिक आहेत. त्यांत सूर्याची दक्षिण क्रांती साडेतेवीस अंश मिळविली की पंचेचाळीस अंश होतात. म्हणजे त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य आमच्या आकाशात क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्यावर असतो. भूमितीतील समद्विभुज काटकोन त्रिकोण त्या दिवशी शाळेच्या अंगणात आपण होऊन उभा राहतो.

हा योग आमच्या गावाच्या वाट्याला आला आहे, परंतु प्रयोग सर्वांना करता येईल. त्याच काठीची त्याच दिवशीची सावली इंदूरला सुमारे १०४ सेंटिमीटर पडेल, ग्वाल्हेरला ११८, दिल्लीला १२८, हैदराबादला ८६ आणि तंजावरला ६८. विखुरलेल्या मराठी कुटुंबांनी आपापल्या अंगणातील सावली मोजून एकमेकांस कळविली, तर भारताचा नकाशाच हाती येईल.

यापुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. २२ डिसेंबरनंतर सूर्य वळतो खरा, पण लगेच घाई करीत नाही. पहिल्या पाच दिवसांत आमच्या एक मीटर काठीची सावली तीन-चार मिलिमीटरच कमी होते. तिळाच्या एका दाण्याची लांबीही जवळपास तेवढीच असते. १ जानेवारीपर्यंत सावली सुमारे दीड सेंटिमीटर आखूड होते आणि संक्रांतीपर्यंत सात. दिवस या काळात सात-आठ मिनिटांनी वाढलेला असतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे जुनी माणसे म्हणतात. ती वाढ त्याआधीच तीन आठवडे सुरू झालेली असते. तिचे माप मात्र त्यांनी अचूक सांगितले आहे.

अंतर कसे पडले?

सूर्य २२ डिसेंबरलाच वळत असेल, तर आपण तिळगूळ जानेवारीत का वाटतो? याचे उत्तर पृथ्वीच्या आसात आहे. फिरता भोवरा मंदावू लागला की त्याचा आस डुलतो, तसा पृथ्वीचा आसही अत्यंत संथपणे डुलतो. त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते. त्यामुळे अयनाचे बिंदू तारकांच्या मानाने मागे सरकत राहतात, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. यास अयनचलन म्हणतात. आपली पंचांगे सूर्याचे स्थान तारकांच्या राशींवरून मोजतात, तर ऋतू आणि दिनमान अयनबिंदूंवर अवलंबून असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. ‘मकरवृत्त’ हे नकाशावरील नाव त्या जुन्या मेळाची खूण आहे. आज दिवस वळतो तेव्हा सूर्य धनू राशीतच असतो.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. वेदांगज्योतिषाच्या काळी उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रारंभी मानला जात असे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ती जुनी स्थिती आपल्या काळी बदलली असल्याची स्पष्ट नोंद केली आहे. मराठीत या विषयाचा सर्वांत मोठा अभ्यास शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केला. शिक्षकी पेशातील या गृहस्थांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन, म्हणजे प्रत्यक्ष अयनाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पुरस्कार केला; पण तो घराघरांत रुजला नाही. लोकमान्य टिळकांच्या नावाचे पंचांग पाळणाऱ्या कुटुंबांत संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास होते, कारण त्या पंचांगातील अयनांश सुमारे चार अंशांनी निराळे आहेत. तेव्हा संक्रांतीची तारीख एकच आणि अढळ, ही समजूत आपल्याच घरांतील व्यवहाराशी जुळत नाही.

तारीख कशी सरकते याचा एक सुपरिचित दाखला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि इंग्रजी तारीख १२ जानेवारी १८६३. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. दीडशेहून थोड्या अधिक वर्षांत दोन दिवसांचा फरक पडला. पानिपतचा घनघोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. पुष्कळजण तो दिवस संक्रांतीचा समजतात, परंतु याच हिशेबाने त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. असेच चालू राहिले तर आणखी हजार वर्षांनी आपले वंशज जानेवारीच्या अखेरीस तिळगूळ वाटतील. त्या वेळी थंडी ओसरू लागलेली असेल.

स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तीत पौष महिन्याचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा आहे, म्हणजे राष्ट्रीय पौष उत्तरायणाबरोबरच उगवतो. सरकारी राजपत्रावर ही तारीख छापली जाते. देवघरात मात्र जुनेच पंचांग लटकलेले असते. समितीनेही धार्मिक सणांस एकाएकी हात लावला नाही आणि ते शहाणपणाचे झाले.

याच संदर्भात उज्जैनच्या वेधशाळेचा उल्लेख आपल्या वाचकांस आवडेल. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने उभारलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीस आली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे काम पाहिले. तेथील शंकुयंत्र म्हणजे आमच्या अंगणातील काठीचेच थोरले रूप होय. मध्य प्रदेशातील मराठी मंडळींनी मुलांस एकदा तरी ते दाखवावे.

मग संक्रांत चुकीची काय?

असा प्रश्न आमचे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, आणि त्याचे उत्तर काठीपाशी न मिळता स्वयंपाकघरात मिळते.

सण हा केवळ आकाशातील क्षणाचा नसतो. तो घरात आणि शेतात काय आहे, त्याचाही असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात धानाचे काम उरलेले असते. जानेवारीच्या मध्यास कोठार भरलेले असते, हरभरा घाटे धरतो, तुरीचे सोले निघतात, वांगी आणि पोपटाच्या शेंगा मुबलक होतात, बोरे पिकतात, नवा गूळ बाजारात येतो. भोगीच्या दिवशी अनेक भाज्या एकत्र करून जी मिसळीची भाजी होते, ती २२ डिसेंबरला तितक्या सहजतेने होणार नाही. महाराष्ट्राच्या देशावर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात. आमच्याकडे बाजरी पिकत नाही. येथे नव्या तांदळाची मुगाची खिचडी आणि वर तूप. घरात चिन्नोर असेल तर तिचा सुगंध शेजारपर्यंत जातो. बालाघाटच्या या तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. घरच्या मंडळींनी त्याला मान त्याआधी कितीतरी वर्षे दिलेला होता.

तिळाचे तसेच. तिळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असते, आणि गुळाबरोबर तो थंडीत अंगास ऊब देतो. थंडी तर संक्रांतीपर्यंत सरलेली नसतेच. एवढेच नव्हे, तर संक्रांतीच्या दिवशी आमच्याकडे सूर्य २२ डिसेंबरपेक्षा सहा-सात मिनिटे उशिराच उगवतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. तोवर सूर्यास्त पाव तासाने पुढे गेलेला असतो. वर्षातील सर्वांत उशिराचे सूर्योदय जानेवारीच्या मध्यास होतात. पहाटे उठून कामास लागणाऱ्या आजीला दिवस वळला हे संक्रांतीपूर्वी का जाणवत नाही, याचे कारण हे आहे. तिची घड्याळ सकाळीची आहे आणि त्या घड्याळापुरती ती बरोबर आहे.

अन्य लोकांनी हाच काळ आपापल्या परीने साजरा केला आहे. इराणमध्ये यल्दाच्या रात्री कुटुंब थोरल्यांच्या घरी जमते, डाळिंबे फोडतात आणि रात्र बोलण्यात घालवितात. चीनमध्ये अयनान्ताच्या दिवशी दक्षिणेकडील घरांत चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे उकळून सर्वजण एकत्र खातात. दोन्हीकडे खाद्य निराळे आहे. सर्वांत मोठ्या रात्री घरातील माणसे एका जागी बसावीत, हा हेतू मात्र एकच आहे.

गोड बोला, पण कोणत्या भाषेत?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आमच्या शाळेचे माध्यम हिंदी आहे. हिंदी ही या प्रदेशाची, राज्यकारभाराची आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या भवितव्याची भाषा आहे. तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. बाजारात हिंदी, अनेक घरांत पोवारी, आणि मराठी घरांत मराठी असा येथील परिपाठ आहे. पूर्वी मूल तीनही भाषा सहज पेलत असे. अलीकडे मराठी घरांतील मुले आईशी हिंदीत बोलू लागली आहेत आणि आयाही त्यांना हिंदीतच उत्तरे देतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. अयनबिंदू जसा ७२ वर्षांत एक अंश सरकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तशीच भाषाही घरातून सरकते. एका पिढीत ‘सुगड’ जाते, दुसरीत ‘वाण’, तिसरीत ‘बोरनहाण’. वस्तू काही काळ टिकते आणि तिचे नाव आधी जाते. आम्ही वर्गातील मराठी घरांतील मुलांस भोगी म्हणजे काय आणि किंक्रांत म्हणजे काय, असे विचारले, तेव्हा पुष्कळांस खिचडी आठवली, पण त्या दिवसाचे नाव आठवले नाही. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य मात्र सर्वांना पाठ होते. काही मुलांच्या तोंडी वर्षभरात घराबाहेर म्हटले जाणारे ते एकमेव मराठी वाक्य असावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु दर्जा दिल्लीत मिळतो आणि भाषा चुलीपाशी जगते. सीमेच्या या बाजूस तिला ना शाळेचा आधार आहे, ना कचेरीचा. तिचा आधार म्हणजे घर, आणि घरातही जेथे दोन पिढ्या एकमेकींशी बोलतात ती जागा.

म्हणून आमची सूचना अशी आहे. २२ डिसेंबर आणि संक्रांत यांत निवड करीत बसू नये. दोन्ही पाळावे आणि मधले तेवीस-चोवीस दिवस आजी-आजोबा आणि नातवंडे यांना द्यावेत. पहिल्या दिवशी मुलाने अंगणात किंवा गच्चीवर काठी उभी करून सावली मोजावी, आणि आजीने शेजारी बसावे. त्या रात्री, सर्वांत मोठ्या रात्री, भीष्म शरशय्येवर उत्तरायणाची वाट का पाहत राहिले ती कथा तिने मराठीत सांगावी. पुढे दर रविवारी त्याच काठीची मध्यान्हीची सावली मोजून वहीत लिहावी. मध्यान्ह दर वेळी थोडे पुढे सरकत जाईल. संक्रांतीस ते आमच्याकडे बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास येते, हे ध्यानात ठेवावे. त्याच वहीत समोरच्या पानावर सणाचा एकेक शब्द लिहावा : सुगड, ओंबी, हलवा, गुळपोळी, वाण, ववसा. शब्दाचा अर्थ आजीने सांगावा आणि मुलाने देवनागरीत मराठीत उतरवून घ्यावा. हिंदी शाळेतील मुलास लिपी येतेच. केवळ ‘ळ’ तेवढा शिकवावा लागतो, आणि ‘तिळगूळ’ लिहिताना तो एकाच शब्दात दोनदा गिरवून होतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाविषयीही एक विचार मांडावासा वाटतो. रथसप्तमीपर्यंत चालणारे हे हळदीकुंकू आमच्यासारख्या गावांत मराठी बायकांचे वर्षातील एकमेव मराठी संमेलन असते. तेथे मराठीत थट्टा होते, मराठीत चौकशी होते, उखाणे घेतले जातात. अशा संमेलनातून ज्या स्त्रीस वैधव्यामुळे वगळले जाते, बहुधा तिच्यापाशीच सर्वांत अधिक जुने शब्द, ओव्या आणि रीती शिल्लक असतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपण ठरावाची वाट न पाहता घरच्या थोरल्या बाईस मानाने मधोमध बसवावे. तिळगूळ सर्वांसाठी आहे, तसे वाणही सर्वांसाठी असू द्यावे.

हिंदीभाषी शेजाऱ्यांसही आमंत्रण अवश्य द्यावे. त्यांच्याकडचे तिळाचे लाडू घ्यावेत, आपली गुळपोळी द्यावी आणि तिचे नाव मराठीतच सांगावे. भाषा शेजाऱ्याने ऐकल्याने कमी होत नाही, घरच्यांनी बोलणे सोडल्याने होते.

संक्रांतीच्या दुपारी मुलाने पुन्हा एकदा काठीची सावली मोजावी. आमच्या गावी ती ९३ सेंटिमीटर भरेल. आपल्या गावी काय भरते ते आपण पाहावे. सात सेंटिमीटरांचा हा फरक कोणाच्या डोळ्यांस सहज दिसला नसता. वहीत तो दिसतो. समोरच्या पानावर वीस-पंचवीस मराठी शब्द जमलेले असतील. ती वही देवघरातील पंचांगाशेजारी ठेवावी आणि पुढल्या डिसेंबरात तेथूनच पुढे लिहू लागावे. सर्व वाचक कुटुंबांस उत्तरायणाच्या आणि संक्रांतीच्या, दोन्हींच्या शुभेच्छा.